बंड्याच्या अर्ध्या गोळ्या

बंड्याच्या गळ्यातली गाठ मी कॅलिपरने तीनदा मोजली. आकडा तोच. दोन आठवड्यांपूर्वी औषधाने आटून सुपारीएवढी उरलेली गाठ आता लिंबाएवढी झाली होती.

बंड्या कुंभिवलीच्या कुसुमताईंचा कुत्रा. हायवेलगत त्यांची भज्यांची गाडी. त्याला लिम्फोमा होता, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. दहिवलीतल्या माझ्या दवाखान्यात एका कंपनीच्या नव्या गोळीची ट्रायल चालू होती. नेहमीची केमो वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडते. ही टार्गेटेड गोळी कॅन्सरच्या पेशीचं वाढीचं बटण तेवढं बंद करते. पण रोज पूर्ण डोस पोटात जायला हवा. कमी पडला तर कॅन्सर सावरतो आणि मग औषधाला दाद देत नाही.

रिकाम्या स्ट्रिप मी दर आठवड्याला मोजून घेत होतो. एकही गोळी शिल्लक नसायची.

"ताई, एखादा दिवस चुकला का?"

"नाय ओ डॉक्टर. रोज भाकरीत घालून देते."

"पूर्ण गोळी?"

त्यांनी बंड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "अर्धी याला, अर्धी जावेच्या टिप्याला. एकाच आईची पिल्लं हायेत ती. आमच्यात एका घरात आलेलं दुसऱ्या घरात जातंच."

टिप्या मला आठवला. त्यालाही हाच रोग. लिव्हरचे रिपोर्ट खराब म्हणून मीच त्याला ट्रायलमध्ये घेतलं नव्हतं. बाहेर रांग होती, म्हणून जाऊबाईंना दोन मिनिटांत वाटेला लावलं होतं.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर दिली असती का तुमी?"

नसती दिली. मी कंपनीच्या कोऑर्डिनेटर मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

"सर, हे प्रोटोकॉल डेव्हिएशन आहे, ट्रायलचा नियम मोडलाय. डॉगला ट्रायलमधून विथड्रॉ करा. उरलेला स्टॉक परत पाठवा."

"पूर्ण डोस देऊन बघू द्या. नाहीतर मरेल तो."

"डेटा खराब होईल, सर."

भयंकर संताप आला. तरीही उरलेल्या स्ट्रिप कुसुमताईंच्या हातातून मीच काढून घेतल्या.

बंड्याला नेहमीची केमो सुरू केली. उपयोग झाला नाही. टिप्या आधी गेला, मग बंड्या. कंपनीच्या रिपोर्टात बंड्या 'वगळलेला' आहे. टिप्या कुठेच नाही.

रिकामी स्ट्रिप एवढंच सांगते, की गोळी बाहेर निघाली. आता ट्रायलचा फॉर्म भरताना मी आधी विचारतो, शेजारी कुणाचा कुत्रा आजारी आहे का? उत्तर लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.