दहा पावलांवर बसणारा

नव्वदच्या दशकात मी शहापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून तानसा तलावाभोवती पाखरं शोधत भरभर हिंडायचो. मी पोचेपर्यंत ती उडालेली असायची.

तो मात्र काठावर बसलेला दिसायचा. दम्याचा माणूस. दहा पावलं चालला की टेकायचा, खिशातला पंप तोंडात मारायचा आणि मांडीवरच्या वहीत रंगवायला लागायचा. श्वास सोडून झाला की, पुढची धाप लागायच्या आत, ब्रश टेकवायचा. तेवढ्या सवडीत त्याचा निळा खंड्या कागदावर जिवंत व्हायचा. माझ्या पोटात दुखायचं.

एकदा न राहवून विचारलं, "तुम्हालाच कशी दिसतात हो पाखरं?"

तो हसला, मग खोकला. "मास्तर, तुमी लय चालता. मला बसावंच लागतं. बसलो का ती येतात."

त्या संध्याकाळी घरी मी मुद्दाम धापा टाकत खंड्या काढायला बसलो. चित्र शाळेतल्या तक्त्यावरच्यासारखंच निर्जीव उतरलं. आवाज ऐकून बायको धावत आली.

"अहो, दम लागलाय का?"

"नाही ना!" मी ब्रश आपटला. "तेच तर!"