ऊस सोलून देणारा संशयित

नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेल्या बायांचे पंचनामे पाहिले. त्यातलं पुष्कळ विसरले, आणि विसरले तेच बरं झालं. पण संक्रांतीनंतरचा तो एक शुक्रवार अजून काल झाल्यासारखा डोळ्यांपुढे येतो, आणि आला की मी एकटीच हसत बसते. सुना विचारतात, "काय झालं?" मी म्हणते, ठाण्यातलं काम आहे, तुम्हाला नाही कळायचं.

आधी मी कोण ते सांगते. मी काही वर्दीतली अधिकारी नव्हे. निजामाच्या राज्यात आमच्या कसब्याच्या ठाण्यावर बायांची झडती घ्यायला, बायांची जबानी घेताना समोर बसायला एक बाई लागायची. ती मी. कागदावर मला झडतीवाली म्हणत आणि गावात जमादारीण. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. ठाण्यातल्या कारकुनाच्या पोराच्या पाटीवर बघून बघून मराठी अक्षर शिकले, म्हणून आज हे लिहिते आहे. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही, आमच्या कसब्याचंही नाही. कयाधू नदीच्या काठी आहे एवढं पुरे. माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं आहेत.

तेव्हा सरकारी सुट्टी शुक्रवारी असे. जुम्मा. कचेऱ्या बंद, शाळा बंद, आणि ठाणं तेवढं उघडं. सकाळी हजेरी, मग हवालातीची, म्हणजे कैद्यांच्या कोठडीची, झाडलोट, मग रोजनाम्यात रात्रीची गस्त लिहायची, की काम संपलं. थंडीच्या दिवसांत आमचा कसबा फार छान दिसायचा. नदीचं पाणी निवळ, पलीकडे ज्वारी हुरड्यावर आलेली, काठच्या बोरीखाली बोरांचा सडा. मोटारीच्या अड्ड्यावर चहाचं एक हॉटेल होतं, त्याच्या बाजूला उसाची मोळी. बाहेरगावचं कुणी काम नसताना मुद्दाम इथं फिरायला येईल, हे मात्र आमच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. माणूस दुसऱ्या गावी जातो तो लग्नाला, मयतीला, बाजाराला नाहीतर कोर्टाच्या तारखेला. पाचवं कारण आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला हॉटेलवाला धापा टाकत ठाण्यात आला आणि जमादाराच्या कानाशी लागला.

"जमादारसाहेब, एक बाप्या अन् एक बाई नदीवर फिरून राहिले. मला तर लक्षण बरं दिसत न्हाई."

"काहून? काय केलं त्यांनी?"

"दोघं बराबरीनं चालून राहिले. खांद्याला खांदा."

जमादारानं वही बाजूला ठेवली. "अजून?"

"हसून राहिले! एक बोलतो, दुसरी हसते. अन् साहेब, त्यानं ऊस घेतला. दातानं सोलला, कांडं केलं अन् तिच्या हातात देलं. आता तुमीच सांगा, नवरा बायकोला ऊस सोलून देतो का?"

जमादार विचारात पडला. त्याचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. "न्हाई देत," तो म्हणाला.

तुम्हाला आज हसू येईल. पण तेव्हा नवरा दहा पावलं पुढे आणि बायको मागे, हीच चाल होती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे नाहीत. परगावी गेले तरी ती सवय सुटायची नाही. बरोबरीनं चालणारे, हसणारे, म्हणजे ते लग्नाचे नाहीत, असा सरळ हिशेब. त्यात भर घातली मोटारीच्या ड्रायव्हरानं. तो म्हणाला, हीच जोडी मागच्या जुम्म्याला मी कुरुंद्याला पाहिली, त्याच्या आधी औंढ्याला, अन् त्याच्याही आधी वसमतला. बाई बायांच्या गर्दीत बसून एका मोटारीनं येते, बाप्या दुसऱ्या मोटारीनं. संध्याकाळी दोघं दोन दिशांना जातात.

आमचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, हैदराबादकडचे होते. माणूस शांत, पण कायद्याचा पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "औरत को फुसला के गाँव-गाँव फिरा रहा है. दोनों को लाओ. इज्जत से लाना."

आणलं. तो पंचविशीचा, कोट-टोपीतला, हिंगोलीला एका कचेरीत कारकून. ती अठरा-एकोणीसची, शेतकरी घरची, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. अजून तिच्या हातात उसाचं कांडं होतं. टाकायचं कुठं ते तिला सुचत नव्हतं.

रीत अशी की दोघांना वेगळं बसवायचं आणि वेगळं विचारायचं. त्याला अमीनसाहेबांच्या खोलीत नेलं, तिला मी माझ्या कोठीत घेतलं.

भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. "साहेब, माझी बायको आहे."

"यहाँ बैठ के सब यही बोलते. तुमचं गाव? बापाचं नाव?"

"माझं नाव लिहा, कचेरी लिहा. गावाचं विचारू नका."

"काहून नको?"

"नोकरी गेली तरी चालेल साहेब, पण गाव सांगणार नाही."

आता तुम्हीच सांगा, असं बोलणाऱ्यावर संशय येणार नाही तर काय? आणि हिंगोलीच्या कचेरीत विचारावं तर जुम्मा, कचेरीला कुलूप.

इकडे मी तिची झडती घेतली. गाठोड्यात तिळाचे लाडू, सुईदोरा, आणि कोटाचं एक बटण. गळ्यात काळी पोत होती. पण काळी पोत कुणीही घालतं.

"तो बाप्या कोण गं तुझा?"

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"कुणाची तू?"

"त्यांची." हनुवटीनं तिनं भिंत दाखवली.

"त्यांची म्हणजे कुणाची? नाव सांग."

मान हलवली. नाही.

जमादारानं दारातून आवाज चढवला. "नाव न्हाई सांगितलं तर हवालातीत बसावं लागंल, बाई!" ती घाबरली, डोळ्यांत पाणी आलं, पण नाव काही आलं नाही. अमीनसाहेबांनी हुकूम दिला: चार वाजेपर्यंत खरं-खोटं कळलं नाही तर जवान सोबत देऊन दोघांना हिंगोलीला पाठवायचं, आणि गाव हुडकून घरच्यांना बोलावून तसदीक, म्हणजे खातरजमा, करायची.

ते ऐकलं आणि ती माझ्या पायाशी बसली. "मावशी, घरी शिपाई नका हो पाठवू."

"काहून? नवरा असंल तर भ्यायचं काय?"

मग तिनं सांगितलं. लग्नाला तीन वर्षं झालेली. घरात सतरा-अठरा माणसं. नवरा हिंगोलीला, महिन्यातून एकदा घरी यायचा, आणि आला तरी ओसरीवर पुरुषांत झोपायचा. "तीन वर्सांत ते माझ्याशी वीस शब्द बोलले असतील. त्यातले दहा 'पाणी दे'." मग आजेसासूनं नवस काढला. पाच जुम्मे, पाच गावं, पाच देव. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, धरून न्यायला कुणीतरी पाहिजे, म्हणून घरच्यांनी हिला दिलं. तो सुट्टीच्या दिवशी त्या गावात यायचा. आजी देवळात जप करत बसायची, की ही दोघं फिरायला मोकळी.

"आजीला ठाऊक हाय का?"

"न्हाई हो! त्यांना दिसत न्हाई. मी सांगते, बाजारात जाऊन येते." मग अगदी हळू म्हणाली, "चौथा जुम्मा हाय. पाचवा हिंगोलीचा. तिथं यांची खोली हाय. मी अजून पाहिली न्हाई. शिपाई घरी गेला तर मामंजी आजीलाबी घराबाहेर पडू देणार न्हाईत."

नवऱ्याची खोली बघायची! मी इतक्या झडत्या घेतल्या, पण एवढी लहान गोष्ट वाचवायला इतकी घाबरलेली बाई पाहिली नव्हती. माझं मन तिकडे झुकलं, खोटं कशाला सांगू. पण ठाण्यात मन झुकून भागत नाही, कागदावर काहीतरी यावं लागतं.

त्याच दिवशी ठाण्यामागच्या आळीत जमादाराच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी अमीनसाहेबांपुढे उभी राहिले.

"साहेब, हिला घटकाभर हळदीकुंकवाला नेते."

"मुजरीम को हळदीकुंकू?"

"मुजरीम कुठं हाय साहेब? अजून तुमी लिहिलं न्हाई."

साहेब हसले. "बाई, तुम वकील होना था." पण कायद्याचे पक्के. स्वतः सोबत निघाले, जमादारालाही घेतलं, आणि दोघं पुरुष अंगणाच्या भिंतीबाहेर गल्लीत उभे राहिले. साहेबांच्या एका हातात वही, दुसऱ्या हातात जमादाराच्या बायकोनं भिंतीवरून दिलेला तिळगूळ.

आत पंधरा-वीस बाया. मी फक्त एवढंच म्हटलं, "ही पाहुणी." जमादाराच्या बायकोनं तिला हळदकुंकू लावलं, वाण दिलं, आणि बायांनी गिल्ला केला, "पाहुणीनं नाव घ्यावं!"

"काय नखरे करून राहिली, घे की!"

"नवऱ्यावर रुसून आली का गं?"

"न्हाई घेतलं तर वाण परत घेऊ!"

तिनं पदर सावरला. एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि सकाळपासून हवालातीच्या भीतीनंही जी बोलली नव्हती, ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"वसमतच्या बाजारात भरला हिरवा चुडा,
औंढ्याच्या पायरीवर दोघांत एक विडा,
कुरुंद्याच्या शिवारात हळदीची पिवळी पानं,
…रावांनी सोलला ऊस, अन् दाखवलं ठाणं!"

बाया जे हसल्या, जे हसल्या! एकीला ठसका लागला. भिंतीबाहेरून जमादाराचंही हसू ऐकू आलं. रावांच्या आधी जे नाव तिनं घेतलं तेच नाव हिंगोलीच्या त्या कारकुनानं सकाळी वहीत लिहून दिलं होतं.

अमीनसाहेब मात्र हसले नाहीत. गल्लीत मला म्हणाले, "नाव तो मिला. पण नाव तर कुणालाही माहीत असतं. त्यावरून शादी कशी मानू?"

मी म्हटलं, "साहेब, पळून आलेली बाई असती तर धाकानं पहिल्या घटकेत त्याचं नाव घेऊन मोकळी झाली असती. ही जमादाराच्या ओरडण्याला घेत न्हाई, हवालातीला घेत न्हाई. चार बायांत, कुंकू लावून, उखाण्यातच घेते. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई हा हट्ट लग्नाच्या बायकोशिवाय कोण करंल? तुमी ज्याला लपवाछपवी समजून राहिले, तोच तिचा पुरावा हाय."

मी नवसाचं आणि देवळात बसलेल्या आजीचंही सांगितलं, ते साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर. पण एक गवाह पाहिजे. वो बुढ्ढी को लाओ."

मी देवळातून आजीला हाताला धरून आणलं. वाटेत तिला काही सांगितलं नाही. ठाण्याच्या पायरीशी आल्यावर तीच म्हणाली, "पोरं पकडली का?"

आत बाकावर तिला बसवलं. कारकून आणि नातसून दोघं माना खाली घालून उभे. साहेबांनी विचारलं, "आजी, ही कोण?"

"माझी नातसून. अन् त्यो कोपऱ्यात नाक ओढून राहिला त्यो माझा नातू. पुढं?"

"तुम्हाला तर दिसत नाही म्हणे. हा इथं येतो हे कसं कळलं?"

"दिसत न्हाई सायेब, ऐकू तर येतं." आजीनं पदरानं तोंड पुसलं. "ही पोरगी आमच्या घरात मुकी. भांड्याचा आवाज येतो, हिचा येत न्हाई. वसमतला देवळामागून ह्याच्यासंगं पहिल्यांदा हसताना ऐकली. म्हटलं, चला, नवस पावला. आता राहिलेले जुम्मे तर फेडावेच लागतील ना!"

नातसून आजीच्या मांडीत तोंड लपवून रडायला लागली आणि हसायलाही लागली. जमादार उगाच खिडकीतून बाहेर बघत राहिला.

आजीचा अंगठा घेतला. कारकुनानं गावाचं नाव फक्त साहेबांच्या कानात सांगितलं, आणि साहेबांनी ते लिहिलं नाही. रोजनाम्यात नोंद झाली: मुसाफिर, फिरायला आलेले, गुन्हा काही नाही. मग साहेबांनी एक कोरा कागद ओढला, पुढच्या ठाण्यांसाठी चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि कारकुनाच्या हातात दिला. उर्दूत होतं. मी विचारलं, काय लिहिलं? साहेबांनी वाचून दाखवलं: "हे दोघे पती-पत्नी आहेत. बरोबरीनं चालतात आणि हसतात. कुणी अडवू नये."

दहा-बारा दिवसांनी मोटारीच्या ड्रायव्हराबरोबर आजीचा निरोप आला. पाचवा जुम्मा झाला, पोरीनं खोली पाहिली. खोलीत झाडू नव्हता, तो तिनं घेऊन दिला. भिंतीला खिळा नव्हता, तो ठोकून घेतला, कोट टांगायला. आणि आजीला आता आणखी सात देवांचा नवस आठवला आहे, तर नवीन चिठ्ठी लागेल का, असं विचारलं होतं.

या केसनं मला काय शिकवलं ते सांगते. ठाण्यात राहून माणसाची नजर अशी होते की नेहमीसारखं नसलेलं काही दिसलं की तिला गुन्हाच दिसतो. हॉटेलवाला वाईट नव्हता, जमादार वाईट नव्हता, मीही नव्हते. आम्हाला खूश माणसं बघायची सवय नव्हती, एवढंच. त्यानंतर कुणी इत्तला, म्हणजे खबर, घेऊन आलं की मी आधी एकच विचारायची, "बाबा, यात रडून कोण राहिलं?" निम्मे लोक तिथंच परत जायचे. उरलेल्यांचं काम आम्ही मन लावून केलं.