कडावच्या खोपटातली नळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगण्याची वेळ आली नाही असं नाही. तीन-चारदा तरी आली, आणि दर वेळी मी उठून काहीतरी काम काढलं. मला कामाचा तोटा कधीच नसतो.

आमच्या घरात नळाचा वायसर, मिक्सरचं कपलर, पंख्याचा कंडेन्सर मीच बदलते. विनय, माझा नवरा, शाळेत शिकवतो आणि फ्यूज गेला की मला हाक मारतो. मला याचा अभिमान होता. आहे. हे आधी सांगतेय, कारण पुढचं त्यातूनच आलं — की ही आत्ताच एक पळवाट काढली मी?

सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, बायपास झाल्यापासून ते दिवसभर हॉलमध्ये माशांच्या टाकीसमोर बसत. सात गोल्डफिश होते. आम्ही टाकीला मोठा फिल्टर बसवला आणि त्याचं पाणी एका जाड झोताने टाकीत परत पडू लागलं. गोल्डफिश हा फुगीर, सुस्त मासा. झोताने तो कोपऱ्यात ढकलला जायचा आणि तिथेच पंख मारत राहायचा. अण्णा म्हणायचे, "बघ गं, माझ्यासारखीच धाप लागते यांना."

उपाय सोपा होता. आडवी नळी, एक टोक बंद, अंगावर ओळीने बारीक भोकं. पाणी पसरून पडतं, झोताचा जोर मरतो. स्प्रे बार म्हणतात त्याला. एका शनिवारी विनय अण्णांना तपासणीसाठी पनवेलला घेऊन गेला, तेव्हा मी तो करायला घेतला. कोणाला बोलले नव्हते. आल्यावर दाखवणार होते.

नवीन पाइप दहा मिनिटांवर बाजारात मिळाला असता. मी गेले नाही. कडावला आमची भातशेती आहे. तिथल्या खोपटातून आणलेल्या सामानात अर्ध्या इंची पाइपचा एक तुकडा पडला होता. एक टोक पिवळट झालेलं. हा तिथे कशाला वापरत असतील, असा प्रश्न मला पडला का? पडला. मी तो साबणाने दोनदा धुतला, मापात कापला, ड्रिलने चौदा भोकं पाडली, टोकाला टोपण ठोकलं. सुबक झाला होता.

हिरा तेव्हा भांडी घासत होती. डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली हिरा, आमच्याकडे सहा वर्षं कामाला. शनिवारी टाकीतलं दोन बादल्या पाणी काढून दोन बादल्या ताजं घालायचं, हेही अण्णांनी तिला शिकवलं होतं. ते तिने सकाळीच उरकलं होतं. तिने ओल्या हाताने नळी उचलली आणि नाकाशी नेली.

"ताई, ही नका लावू. ही औषध ढवळायची हाय. आमचे हे फवारणीवरनं आले ना, की कापडांना असाच वास येतो."

"धुतलीये मी. दोनदा."

"धुवून नाय जात तो."

"हिरा, तू भांडी बघ."

ती बघायला लागली. मला शंका आली नाही, राग आला. माझ्या हातच्या कामात चूक काढणारी ही कोण?

अकरा वाजता नळी बसली. मासे पहिल्यांदाच टाकीभर फिरले. बारा वाजता हिरा गेली. तीनला मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. एक आडवा झाला, मग दुसरा.

आता नीट सांगते. आधी मासे बाहेर काढायचे की आधी नळी? मी नळी काढली. फिल्टरचं जुनं तोंड परत बसवलं, नळी गोणीत घातली, गोणी माळ्यावर टाकली, शिडी जागेवर ठेवली. मग पाण्याला हात घातला. तोवर एकही हलत नव्हता.

संध्याकाळी अण्णा टाकीसमोर उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज पाणी हिराने बदललं होतं," मी म्हणाले. खरं होतं ते. शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी ती आली. विनयने विचारलं, "हिरा, बादली कुठली घेतलीस? फिनेलची तर नाही ना?"

"नाय दादा. लाल. रोजचीच."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला संधी देत होती ती, दुसरं काय? मी चहा गाळत राहिले. शेवटी हळूच म्हणाली, "ती नळी लावलेली ना ताईंनी..."

विनयने टाकीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"कुठली नळी गं?" मी विचारलं.

तोवर मी खोटं म्हणावं असं काही बोलले नव्हते, आणि हासुद्धा नुसता प्रश्नच होता, नाही का? हिरा भांडली नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मग मला नाय माहीत."

अण्णा म्हणाले, "चुकून झालं असेल. राहू दे तिला. मासे दुसरे आणू." ज्यांचे मासे गेले ते तिला ठेवा म्हणत होते. नको म्हणणारी मी. पुन्हा भरवसा कसा ठेवायचा, असं मी म्हणाले आणि तिला कामावरून काढलं. खरं कारण एवढंच, की ती रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली असती.

दीड वर्षाने अण्णा गेले. त्यांच्या मनात शेवटपर्यंत ते हिराच्याच हातून झालं होतं. टाकी आम्ही देऊन टाकली. त्यानंतर खालापूरहून एका बाईंचा फोन आला. हिरा त्यांच्याकडे काम मागायला गेली होती आणि आधी कुठे होतीस विचारल्यावर तिने आमचं नाव सांगितलं होतं. म्हणजे अजूनही तिला वाटत होतं, की मी तिच्याबद्दल बरं बोलेन.

"कामाला चोख आहे," मी म्हणाले.

"मग सोडलीत का?"

घरात कोणी नव्हतं. विचारणारी बाई अनोळखी. अण्णा नाहीत, टाकी नाही, कोणाला काही कळून माझं काही बिघडणार नव्हतं. घाबरावं असं एकही माणूस उरलं नव्हतं.

"माशांच्या पाण्यात काहीतरी घातलं तिने," मी म्हणाले. "सगळे मेले."