सुवर्णाचा रिपोर्ट कोणी नेला

"माझं घ्या आधी," म्हणत संतोषने शर्टाची बाही वर केली. त्याची आई बाकावर बसली होती, पदर तोंडाला लावून. बायको सुवर्णा लॅबच्या दाराबाहेर भर उन्हात उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही.

मी पोलादपूरला लॅब चालवते. रक्त, लघवी, थुंकी तपासण्यात सव्वीस वर्षं गेली. या कामात माणूस संशयी होतो. पेशंट "उपाशी हाय" म्हणाला तरी मी आधी त्याच्या ओठांवर चहा शोधते. लघवीच्या बाटलीत नळाचं पाणी भरून देणारेही पाहिलेत. त्यामुळे मला कोणी सहज फसवत नाही, असा मला गर्व होता.

सुवर्णा उमरठच्या वरच्या वाडीतली सून. तिसरा महिना चालू होता. आधीचं एक मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलेलं. या वेळी डॉक्टर मॅडमनी गरोदरपणातल्या नेहमीच्या सगळ्या टेस्ट लिहून दिल्या. त्यातली एक व्हीडीआरएल. सिफिलिस म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा आजार, त्याची ही प्राथमिक चाचणी. प्रत्येक गरोदर बाईची करतात आणि बहुतेक वेळा निगेटिव्ह येते. सुवर्णाची आली रिॲक्टिव्ह. मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. रिॲक्शन क्षीण होती, पण होती. मी रिपोर्टवर 'रिॲक्टिव्ह' लिहिलं, पाकिटात घातला, स्टेपलर मारला.

आता इथली एक पद्धत सांगते. वरच्या वाड्यांना एसटी दिवसातून दोनदा. रिपोर्टसाठी बाईमाणसाला परत खाली कशाला आणायचं? त्या वाडीचा जो कोणी दिसेल त्याच्या हाती आम्ही पाकिटं देतो. दुधवाला, शिक्षक, कोणीही. मी याला सेवा समजत होते. सुवर्णाचा दीर प्रकाश बिरवाडीला खोली घेऊन राहायचा, तिथल्या कंपनीत कामाला. दर शनिवारी घरी जायचा. पाकीट मी त्याला दिलं.

त्याने एसटीतच पिन काढली आणि मोबाइलवर 'व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह' टाकून पाहिलं. उमरठ येईपर्यंत त्याला सगळं कळलं होतं, म्हणजे सगळं चुकीचं. रविवारी आईने संतोषला मुंबईहून बोलावून घेतलं. तो तिथे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो, गणपती आणि शिमग्याला गावी येतो.

माझा संशय कोणावर होता हे सांगायला हवं. संतोषवर. बाप्या मुंबईत एकटा राहतो, आणि भोगते गावातली बायको. मी मनात निकाल लावून मोकळी झाले होते. त्या दिवशी त्याला सुई जरा जोरातच टोचली असेन.

त्याची टेस्ट निगेटिव्ह आली.

मला पटेना. पुन्हा लावली. तीही निगेटिव्ह. संतोषने कागद वाचला, आईला सांगितलं. तिने दाराबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "मंग हिचंच हाय."

संतोषने बाही खाली ओढली. लग्नाआधी सुवर्णा दोन वर्षं एका कंपनीत पॅकिंगला होती, बिरवाडीत मुलींबरोबर खोली करून. इतकी वर्षं त्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं. आता तोच पुरावा झाला. दुपारच्या गाडीने तिला माहेरी धाडायचं, असं सासूने तिथल्या तिथे ठरवलं. पोटातल्याचं काय करायचं ते डॉक्टरला विचारू, असंही म्हणाली. हे ती मला सांगत होती, दाराकडे पाठ करून.

तेव्हा सुवर्णा आत आली. रडली नाही. माझ्या टेबलापाशी उभी राहिली. "ताई, माजा रिपोर्ट तुमी भावजींच्या हातात का दिलात?"

"शनिवारी तो वर जाणारच होता," मी म्हटलं. बोलल्यावर मलाच लाज वाटली.

तोवर मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाली होती. नाकपुड्यांच्या बाजूच्या घड्या मात्र स्वच्छ. शेतावर राबणाऱ्या बाईचा चेहरा उन्हाने रापतो, म्हणून मी आधी सोडून दिलं होतं. आता बाहेर उभी राहून ती लाली आणखी भडकली होती. आणि मला आठवलं, सॅम्पल देताना तिला बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं. "सकाळी बोटं आकडतात," म्हणाली होती.

मी तिचे बाकीचे रिपोर्ट काढले. लघवीत प्रोटीन. प्लेटलेट्स कमी. पांढऱ्या पेशी कमी. प्रत्येक आकडा मी स्वतः लिहिला होता, आणि प्रत्येकाला 'गरोदरपणात होतं' म्हणून सोडलं होतं. जगावर संशय घेणाऱ्या मला स्वतःच्या वहीचा संशय कधी आला नव्हता.

डॉक्टर मॅडमना फोन लावला. सगळे आकडे सांगितले.

"व्हीडीआरएलचं टायटर किती?" टायटर म्हणजे रक्त पातळ करत गेलं तरी रिॲक्शन कुठवर टिकते ते.

"वन इज टू टू. अगदीच कमी."

त्यांनी सगळे आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, "ताई, आपण दोघीही घाईने वाचत होतो. टीपीएचए पाठवा. एएनए पण. आणि तिला कुठे जाऊ देऊ नका."

व्हीडीआरएल सिफिलिसच्या जंतूला शोधत नाही. त्या आजारात रक्तात जे तयार होतं, तेवढंच ती पाहते. तसलंच काहीतरी इतर आजारांतही तयार होतं, आणि टेस्ट फसते. टीपीएचए त्या जंतूविरुद्धची नेमकी खूण शोधते. हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झाले होते.

सासूला मी चार दिवस थांबायला सांगितलं.

"कशापायी?"

"माझी चूक असेल."

हे वाक्य मी लॅबमध्ये पहिल्यांदाच उच्चारलं. सासूने मला खालून वर न्याहाळलं. हिच्या माहेरच्यांनी तुमाला काय सांगितलंय काय, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, पण थांबली.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. टीपीएचए निगेटिव्ह. एएनए जोरदार पॉझिटिव्ह. एएनए म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. एवढ्यावर आजाराचं नाव ठरत नाही, म्हणून मॅडमनी तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. आणखी तपासण्या झाल्यावर तिथे नाव कळलं. लुपस.

परत आल्यावर मॅडमनी तिघांना समोर बसवलं. मलाही बोलावलं. जंतूंशी लढणारी यंत्रणा प्रत्येकाच्या शरीरात असते, त्या म्हणाल्या. हिची यंत्रणा हिच्याच सांध्यांना, कातडीला, मूत्रपिंडाला परकं समजून मारते. हा आजार कोणाकडून लागत नाही. कोणाला देता येत नाही. आधीचं मूलही कदाचित यामुळेच गेलं असेल. ऊन लागलं की वाढतो. आयुष्यभर राहील, पण औषधांनी ताब्यात राहू शकतो.

सासू ऐकत होती. "मंजे घरातल्यालाच चोर समजतो."

"तसंच," मॅडम म्हणाल्या.

सासूने सुवर्णाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने दुसरी शंका काढली. "बरं होनार नाय म्हनता, मंग गोळ्या कशाला?"

"तुम्ही बीपीची गोळी रोज घेता ना? बीपी गेलं का?"

"नाय."

"मग का घेता?"

सासूने तोंड दाराकडे वळवलं. संतोषने मात्र गोळ्यांचा कागद उचलून खिशात घातला.

सुवर्णाला मुलगी झाली. मुंबईला, दिवसांआधी, लहानशी, पण धडधाकट. लुपस आहेच. मधेच उसळतो, मग डोस वाढतो. भर थंडीत ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, छत्री उघडून येते, आणि स्टँडवर लोक हसतात. सासू आता नात कडेवर घेऊन बरोबर येते. सुवर्णाची माफी तिने मागितल्याचं मला माहीत नाही. संतोषनेही नाही. प्रकाश माझ्या लॅबची पायरी पुन्हा चढला नाही. मी मात्र मागितली. सुवर्णा "असू दे" म्हणाली. ते खरंच असू दे होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

लॅबमध्ये आता पाटी आहे. रिपोर्ट पेशंटच्याच हाती मिळेल. वाड्यांवरचे लोक कुरकुरतात, बाई लय शिष्ट झाली म्हणतात. रिॲक्टिव्ह आला तर मी खाली एक ओळ लिहिते, 'खात्रीची चाचणी आवश्यक'. त्या ओळीला अर्धं मिनिट लागतं. तेवढंच मी त्या शनिवारी वाचवलं होतं.

सुवर्णा दर महिन्याला लघवीतलं प्रोटीन तपासायला येते. पाकीट दिलं की आधी पिन ओढून बघते, मग माझ्यासमोर उघडून वाचते, मग पिशवीत ठेवते. गेल्या महिन्यात पाऊस असा होता की वरची गाडी येईल की नाही ते कळेना. तू जा, रिपोर्ट तयार झाला की कोणाबरोबर तरी पाठवते, असं मी सवयीने बोलून गेले.

ती बाकावर जाऊन बसली. "नको ताई. मी हाय हितंच."