दहा दिवसांचं सोयर

माझ्या मुलीच्या जन्माने मी अशुद्ध झालो आहे, असं मी लिहून दिलं. इंग्रजीत, कंपनीच्या फॉर्मवर, निळ्या शाईने. खाली सही केली. तेव्हा ती पाच तासांची होती.

कोणी हात धरून लिहून घेतलं नव्हतं. हे आधी सांगतो, कारण पुढे मी दुसऱ्यांबद्दल बरंच सांगणार आहे.

दोन हजार सहा साल. सिंगापूर. सप्टेंबरातला बुधवार. सकाळी नऊला वंदनाचं सिझर झालं, मुलगी झाली. वंदना अजून गुंगीत होती. मी तिच्या उशाशी नव्हतो. मी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभा होतो, तांजोंग पगारच्या ऑफिसला निघालेला. आमचे डायरेक्टर संध्याकाळी हाँगकाँगला जाणार होते आणि रजेवर त्यांची सही लागणार होती.

त्या वर्षांत तिथे बापाला बाळंतपणाची रजा असा कायदाच नव्हता. कंपनी स्वतःहून दोन दिवस द्यायची. माझी हक्काची रजा मार्चमध्येच संपली होती. आई गेली तेव्हा अकोल्याला जाऊन आलो होतो. वंदनाच्या आईचा पासपोर्ट पोलीस चौकशीत अडकलेला. म्हणजे सेंगकांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टाके घातलेली बाई आणि तीन दिवसांचं पोर, दोघीच. मला दहा दिवस हवे होते. मागणं एवढंच होतं.

एचआरला साठीला टेकलेल्या एक चिनी बाई होत्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी अभिनंदन केलं, बाळाचं वजन विचारलं आणि म्हणाल्या, "टू डेज ओन्ली, लाह."

मी तिथेच उभा राहिलो. त्यांना बहुधा दया आली. त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. आमच्याच टीममधला, पुण्याचा निखिल. सहा महिन्यांपूर्वी त्याला मुलगा झाला होता. त्याला दहा दिवस मिळाले होते, भरपगारी, धार्मिक कारणाच्या रकान्यात. डायरेक्टरांनीच बाईंना समजावून सांगितलं होतं की आमच्यात मूल झालं की घराला सोयर येतं. दहा दिवस बाप देवाला शिवत नाही, चार माणसांत मिसळत नाही. बाईंना ते लगेच पटलं होतं. त्यांच्यात बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, डोक्यावरून न्हात नाही. तसंच काहीतरी, फक्त बापाचं.

"यू सेम-सेम, राइट?" त्यांनी विचारलं. "सेम कस्टम?"

सेम नव्हतो. मी बौद्ध आहे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून कोणाला काही कळत नाही. तीन वर्षं मी ते कळू दिलं नव्हतं. डायरेक्टर पुण्याचे, सदाशिव पेठेतले. दुपारी आम्ही चारपाच मराठी माणसं त्यांच्यासोबत हॉकर सेंटरला जेवायला जायचो. एकदा ते म्हणाले, "इथे एक बरं आहे. कोट्यातला कोणी इथपर्यंत पोचत नाही." सगळे हसले. मीही हसलो. जरा मोठ्यानेच.

त्याच मार्चमध्ये आई गेली तेव्हा बाबांनी मुंडन केलं नाही, दहावं केलं नाही. एसटी डेपोतली नोकरी. तिसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करून ते कामावर गेले. शेजारच्या कोणीतरी सुतकाचं काढलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्या घरात जन्माचा विटाळ नाही आणि मरणाचाही नाही. त्यासाठीच धम्म घेतला." मी तिथेच होतो. चहाचा कप हातात होता.

आणि सहा महिन्यांनी मी त्या बाईंना म्हणालो, "येस. सेम."

त्यांनी निखिलचा फॉर्म समोर ठेवला. मी बघून बघून उतरवला. नवजात बालक आणि माता यांच्यामुळे पिता दहा दिवस अशुद्ध असतो, या काळात त्याला इतरांच्या संपर्कात येता येत नाही. निखिलच्या फॉर्मवर मुलगा होता. मी मुलगी केलं. तेवढाच फरक.

माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. त्यांच्या नातवाने परदेशात एसीत बसून, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की मला शिवू नका.

डायरेक्टरांनी फॉर्म वाचला आणि खूश झाले. "अरे वा, तुमच्याकडेही पाळतात? छान. नाहीतर लोक विमानात बसले की सगळं विसरतात." सही करून म्हणाले, "बाराव्या दिवशी आम्ही दोघं येतो बाळाला बघायला. हिला फार हौस आहे."

रजा मिळाली. ते दहा दिवस चांगले गेले, हेही सांगायला हवं. मी मुलीला आंघोळ घालायला शिकलो. माझ्या कोपरापासून तळव्यापर्यंत ती मावायची. वंदनाला उठताना आधार द्यायचो. मऊ भात, मुगाची डाळ. ती एकदा म्हणाली, "तुमची कंपनी बरी आहे हो." मी डाळ ढवळत राहिलो. काय लिहून दिलं ते सांगितलं नाही. फक्त सर आणि त्यांच्या मिसेस रविवारी येणार आहेत, एवढं सांगितलं.

रविवारी सकाळी मी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो उतरवला. त्याखालची बुद्धाची मूर्ती उचलली. दोन्ही वस्तू बेडरूममधल्या कपाटात चादरींखाली ठेवल्या. वंदना बाळाला पाजत बसली होती. तिने सगळं बघितलं.

"कोणाला लपवताय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, थोडा वेळ फक्त. तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

पाहुण्यांना घ्यायला मी खाली लिफ्टपाशी गेलो. दहा मिनिटं लागली असतील. त्यांना घेऊन वर आलो, दार उघडलं, आणि फोटो भिंतीवर होता. मूर्ती जागेवर. भिंतीशी खुर्ची तशीच सरकवलेली. वंदना सोफ्यावर बसलेली, बाळ मांडीवर, चेहरा पांढराफटक. बारा दिवसांची बाळंतीण, पोटाला टाके, खुर्चीवर चढली होती. टाक्यांतून रक्त आल्याचं मला संध्याकाळी कळलं.

डायरेक्टरांनी फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "अच्छा."

त्यांच्या मिसेसनी ओटीचं सामान आणलं होतं. पिशवीतून नारळ अर्धा बाहेर आला होता. तो हळूच आत गेला. मी पाणी आणलं. ग्लास टीपॉयवर राहिले. पेढे पुढे केले. मिसेस म्हणाल्या, उपास आहे. सर म्हणाले, शुगर. तेवढ्यात त्यांना एक महत्त्वाचा फोन आठवला. बाळाला बघायला आलेली बाई बाळाकडे न बघता गेली. दारात चपला घालताना ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "आधी माहीत नव्हतं का तुम्हाला?" हळू, पण आम्हाला ऐकू येईल इतकं.

सोमवारी सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. एचआरच्या बाई आधीच बसलेल्या होत्या. माझा फॉर्म टेबलावर. मला बसायला सांगितलं नाही.

डायरेक्टर माझ्याशी मराठीत बोलले. आवाज चढवला नाही. चेहऱ्यावर हसू होतं, जेवायला जाताना असायचं तसंच.

"आमच्याकडे सोयर दहा दिवसांत फिटतं," ते म्हणाले. "तुमचं कधी फिटलं होतं?"

बाईंना भाषा कळत नव्हती. सर हसले म्हणून त्याही हसल्या.

मग ते इंग्रजीत बोलू लागले. या माणसाने धर्माच्या नावाखाली खोटी माहिती देऊन रजा घेतली आहे. दोन दिवस सोडून उरलेली रजा बिनपगारी करा. लेखी ताकीद द्या. माझा तिथे काम करण्याचा पास जानेवारीत रिन्यू व्हायचा होता, याचीही त्यांनी सहज आठवण करून दिली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. बारा दिवसांपूर्वी बाळाचं वजन विचारणारी नजर ती नव्हती. "यू चीट, इज इट?" त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. खोटं बोललो होतोच.

डायरेक्टरांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. माफीनामा. माझ्या समाजात जी प्रथा नाही, ती असल्याचे मी खोटे सांगितले, याबद्दल मी दिलगीर आहे. खाली सहीसाठी रेघ.

वाक्य खरं होतं, हेच अवघड होतं. आमच्यात ती प्रथा नाही. सोयर नाही, सुतक नाही, याचा बाबांना अभिमान होता. पण त्या टेबलावर तेच वाक्य मला सांगत होतं की तुझी लायकी नसलेल्या गोष्टीला तू हात लावलास. विटाळ पाळणं हीसुद्धा त्यांची मालमत्ता, आणि मी ती चोरताना सापडलो. माफी मी त्यांची मागायची.

पेन उघडलं. धैर्यबिर्य काही नव्हतं. डोळ्यांपुढे ती खुर्ची होती. भिंतीशी सरकवलेली.

मी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं: माझ्या मुलीच्या जन्माने मी अशुद्ध झालो असे मी लिहून दिले. ते खोटे आहे. मूल झाल्याने कोणी अशुद्ध होत नाही, कोणत्याच समाजात. बायकोला टाके पडले होते आणि मला मुलीजवळ राहायचे होते, म्हणून रजा घेतली. पगार कापावा. खाली सही केली.

"हे काय?" डायरेक्टर म्हणाले.

"खरं आहे ते लिहिलंय, सर."

"तुम्ही लोक ना," ते म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

मी बाईंकडे वळलो. मघाशी सरांनी मराठीत मला काय विचारलं ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. अशुद्ध म्हणजे काय, आमच्या आजोबापणजोबांना कोणी आणि किती पिढ्या ते म्हटलं, तेही सांगितलं. केबिनमध्ये माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तीन वर्षांत मी तिथे माझ्याबद्दल पहिल्यांदाच काही बोलत होतो.

बाईंनी ऐकून घेतलं. मग कागद उचलला, खाडाखोड बघितली आणि म्हणाल्या, "धिस वन कॅनॉट, लाह. मस्ट बी क्लीन कॉपी."

मी स्वच्छ कॉपी काढून दिली. माझ्याच वाक्यांची. ती त्यांनी कधी फाईलला लावली की नाही, माहीत नाही.

पगार कापला. जेवायला निघताना निखिल माझ्या टेबलापाशी थांबेनासा झाला. जानेवारीत पास रिन्यू झाला नाही. वंदना चार महिन्यांच्या मुलीला घेऊन अकोल्याला, मी पुण्यात नोकरी शोधत. दुसऱ्या कंपनीतर्फे सिंगापूरला परत यायला वर्ष गेलं. मुलगी चालायला लागली तेव्हा मी तिथे नव्हतो. दहा दिवस मिळवायला गेलो आणि वर्ष घालवलं.

पण त्या सोमवारचं अजून राहिलंय. संध्याकाळी मी फॉर्मची झेरॉक्स वंदनापुढे ठेवली. ती बाळाला पाजत होती. एका हाताने धरून तिने वाचलं. मातेमुळे, हा शब्द आला तिथे थांबली. मग शेवटपर्यंत वाचलं.

मी म्हणालो, मला माफ कर.

"माझी नका मागू," ती म्हणाली. "मी तुम्हाला ओळखून होते. हिची मागा. हिला वाचता येईल तेव्हा."

मुलीचं नाव आम्ही मेत्ता ठेवलं. तिला चौथ्या वर्षी वाचता येऊ लागलं. मी म्हणालो, लहान आहे. दहाव्या वर्षी म्हणालो, शाळेत परीक्षा आहे. चौदाव्या वर्षी कारणही शोधलं नाही. बाहेर मी लपणं सोडलं होतं. नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवला. कोणी विचारलं तर सांगायचो. चौदा एप्रिलला रजा मागायचो आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहायचो. हे सगळं जमलं. घरातल्या एका मुलीसमोर बसणं जमलं नाही.

ती अठरा वर्षांची झाली त्या सकाळी वंदनाने जुनी फाईल जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. "अजून किती?" एवढंच म्हणाली.

मेत्ताने झेरॉक्स वाचली. दोनदा वाचली. सोयर म्हणजे काय ते मी सांगितलं. तिचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, काय म्हणायचे ते सांगितलं, केबिनमधलं सांगितलं. माझ्या खोडलेल्या कागदाचं सांगायला लागलो तेव्हा तिने मला थांबवलं. मी तिथे किती शूर होतो, यात तिला रस नव्हता.

"सो मी डर्टी," ती म्हणाली. "अँड आई ऑल्सो डर्टी, इज इट? फॉर लीव्ह?"

"हो," मी म्हणालो.

ती वाट बघत राहिली. वंदना दारात उभी होती. मला मध्ये पाणी प्यावंसं वाटलं. प्यायलो नाही.

"तुझा जन्मदाखला नंतर आला," मी म्हणालो. "तुझ्याबद्दल कागदावर लिहिलेली पहिली गोष्ट ही आहे. ती मी लिहिली. मला कोणी लिहायला लावली नाही. ती खोटी होती, हे लिहिताना मला माहीत होतं. मेत्ता, मी तुझी माफी मागतो."