सगळ्यांची नाडी बहात्तर

परभणी-पाथरी गाडीत नर्सिंगचा एक विद्यार्थी माझ्या शेजारी बसला. कडक इस्त्रीचा गणवेश, गळ्यात स्टेथोस्कोप. बसमध्ये कुणाला तपासणार होता, देव जाणे. मांडीवर प्रॅक्टिकलची वही घेऊन तो वॉर्डातल्या पेशंटच्या नोंदी भरत होता. खड्डा आला की पेन उचलायचा आणि मग सुबक अक्षरात नाडी लिहायचा, बहात्तर. खालच्यालाही बहात्तर.

"सगळ्यांची सारखीच?" मी विचारलं.

"काका, उद्या सबमिशन हाय. मॅडम अक्षर बघतेत, पेशंटला कोण बघायलंय?"

त्यानं पान उलटून लाल पेनानं समास आखला. वर माझ्या मावशीचं नाव लिहिलं, खाट चार, आजची तारीख, नाडी बहात्तर.

मी मावशीची राख सावडून गावी निघालो होतो.