सतरा नंबरची हजेरी

मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. कुणी भुताखेतांचं, अंगात येण्याचं बोलायला लागलं की मी पुरावा मागतो आणि समोरचा चिडतो. बायको म्हणते, तुमच्यामुळे आपल्याकडे कुणी गप्पा मारायला येत नाही. तर असा मी. म्हणूनच हे आजवर कुठे लिहिलं नाही... पण आता ऐंशी ओलांडली. हे माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं.

पन्नासच्या दशकाची अखेर. पुण्याहून मद्रासला नवा नवा नोकरीला गेलो होतो. तांबरमला, रेल्वेरुळांच्या पलीकडे आमचं कॉलेज. विभागप्रमुख होते सेतुमाधवराव — तंजावरकडचे मराठी, घराणं तिकडे कैक पिढ्यांचं. त्यांचं जुनं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं.

नऊच्या तासाला ते आधी शिकवायचेच नाहीत. पाच मिनिटं मौन! सगळ्यांनी डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. "मनांत जो विचार येईल त्याला येऊं द्या. दारांतून जो येईल त्यालाही येऊं द्या. वळून पाहूं नका," एवढंच सांगायचे. दार सताड उघडं. लोकल चुकलेली मुलं त्या पाच मिनिटांत हळूच आत येऊन बसायची आणि हजेरी त्यानंतर व्हायची. स्टाफरूममध्ये या प्रकाराची भरपूर टिंगल चाले. सर्वांत जास्त मी करायचो. अहो, हे विद्यापीठ आहे की मठ?

मग सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेले आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. जाताना म्हणाले, "मौन मोडूं नका, बरं का." मी शब्द दिला. दिला तर पाळायचा. पण करायचंच तर शिस्तीत, हा माझा खाक्या. मौनात चपला वाजतात म्हणजे काय? चौथ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं — उद्यापासून नऊच्या ठोक्याला दाराला कडी. नंतर येणाऱ्याची गैरहजेरी.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. अंबुजा, हजेरीपटावर सतरा नंबर. तंजावरकडच्याच मराठी घरातली, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायची.

"सार, आई अंथरुणावर आहे. तिचं अवघं करून निघतें. माझी गाडी पावणेनऊनंतरच पोचते. पुलावरून फिरून येईपर्यंत नऊ होऊन जातात."

"मग पळत या," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी आजही विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला मी स्वतः कडी घातली. डोळे मिटले. दोनेक मिनिटं गेली असतील. वर्गात पावलं वाजली. बाहेर नाही, आत... दारापासून मुलींच्या बाकापर्यंत. बाक करकरला. मला रागच आला, डोळे उघडले. कडी जागेवर होती. सगळे डोळे मिटून बसले होते. मुलींच्या दुसऱ्या बाकावर राजलक्ष्मी, अंबुजाची मैत्रीण, आत सरकली होती आणि कडेला एका माणसापुरती जागा मोकळी होती.

भास झाला असेल म्हणून सोडून दिलं. हजेरी सुरू केली. मान खाली, हातात टाक. "सेव्हन्टीन."

"प्रेझेंट, सर."

अंबुजाचा आवाज. किंचित धापा टाकणारा. मी P लिहिला, अठरा नंबर पुकारला आणि मग मान वर केली. ती जागा रिकामीच होती.

माझा असा भडका उडाला म्हणता! मी ओरडलो — "प्रॉक्सी? माझ्या वर्गात? ज्यानं कुणी हजेरी दिली असेल त्यानं आत्ताच्या आत्ता बाहेर व्हावं!" कुणी उठलं नाही. राजलक्ष्मीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, मी नाही दिली," ती इंग्रजीत म्हणाली. "ती येऊन बसली असं वाटलं, म्हणून मी सरकले."

साडेदहाच्या सुमारास एक गृहस्थ स्टाफरूमच्या दारात आले. शर्ट घामानं भिजलेला.

"सार, मी अंबुजाचा बाप. गिंडीला ऑफिसांत कारकून आहें. रेल्वेवाल्यांचा फोन आला. रूळ ओलांडतांना कोणी मुलगी... वह्यांवर अंबुजाचं नांव, माझ्या ऑफिसाचा नंबर आहे म्हणतात. मी तिकडे गेलों नाहीं. अगोदर इकडे आलों. वह्या काय, कोणाच्याही हातांत असतात. क्लासांत आहे की ती?"

हजेरीपट टेबलावर उघडाच पडला होता. त्यांनी बोटानं ओळ शोधली. सतरा. आजची तारीख. P.

"आली आहे की!" त्यांना रडू फुटलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अय्यो, देवा... आली आहे! कुठं आहे, सार? बोलवा तिला."

त्या माणसाला मी काय सांगायचं होतं? ती वर्गात नव्हती, हे मीच सांगितलं. मग हा P कुणाचा, असं त्यांनी विचारलं. स्टेशनवर त्यांच्याबरोबर मीही गेलो. चादर बाजूला केली तेव्हा ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. गाडीखाली सापडली तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती, असं स्टेशनमास्तर म्हणाले. पुलावरून न जाता ती पळत रुळांवरून निघाली होती.

संध्याकाळी मी अड्यारला सरांच्या घरी गेलो. डोळ्यांवर पट्टी, खुर्चीत ताठ बसले होते. मी सगळं सांगितलं, "पळत या" सुद्धा. म्हणालो, तो P खोडायला हवा, हजेरीपट खोटा ठरेल.

मग म्हणाले, "दार कसाला लावलंत?"

मी शिस्तीचं काहीतरी सांगू लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"खोडूं नका. लेंकरूं आलं होतं. कडी घातलीत तरी आलं."

मी खोडला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत नऊच्या तासाला मौन पाळलं. दार उघडं ठेवून. मुलं मला हसायची, हसू दे. त्या पावलांची मी रोज वाट पाहिली. ती पुन्हा कधीच वाजली नाहीत.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मला एकट्याला भास झाला म्हणावं, तर कडी घातल्यावर राजलक्ष्मीनं जागा करून दिली ती कुणासाठी? आणि भासच होता असं मानलं, तरी पोर माझ्या शब्दाखातर धावली, हे उरतंच. पण ती खरंच आली असेल तर... मी तर्कशास्त्राचा माणूस, त्यामुळे याच्या पुढची पायरी मला टाळता येत नाही. तेवढं सगळं होऊनही ती हजेरीच्या आत वर्गात आली, "प्रेझेंट, सर" म्हणाली. आणि मी तिला बाहेर व्हायला सांगितलं.